चांदणीला न सापडलेली पावलं

माझ्या धाकट्या जावेच्या डाव्या पायातली चप्पल फरशीवरून किंचित घासत जाते. उजवी मात्र नेमकी टेकते. काही चांगली बातमी सांगायची असली की दारात पोचायच्या आधी ती शेवटची पावलं घाईने टाकते, आणि मग आपण घाई केलीच नाही असं दाखवत थांबते. हे सगळं मला ठाऊक असायचं काही कारण नाही. पण माझा धंदाच कानांचा, आणि ती आमच्या स्टुडिओत कामाला लागल्यापासून माझे दोन्ही कान तिच्याच मागे लागलेले.

धंदा आधी सांगते, नाहीतर लोकांना वाटतं मी गाणीबिणी म्हणते. सिनेमात नट चालतो तेव्हा ऐकू येणारी पावलं त्याची नसतात, माझी असतात. तो पडद्यावर रुबाबात जिना उतरत असतो आणि मी एका बंद खोलीत, त्याच्याकडे बघत, पुरुषी बूट घालून लाकडी फळीवर नाचत असते. बर्फावरून चालायचं तर मक्याच्या पिठाची पिशवी दाबायची. हाड मोडायचं तर गाजर. माझ्या खोलीत चौकट नसलेली दारं आहेत, दार नसलेल्या चौकटी आहेत, खडीचे ट्रे आहेत, मोडक्या छत्र्या, कुलपं, आणि एका भिंतीला छतापर्यंत जोडे. नवीन माणसाला वाटतं हे भंगारवाल्याचं दुकान आहे.

सिनेमा संपला की नावं सरकतात. त्यात आमच्या स्टुडिओचं नाव असतं, माझं कधीच नसतं. रीतच तशी आहे, कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. तरी दिवे लागेपर्यंत मी खुर्चीतून हलत नाही, न जाणो. नवऱ्याला नेमकी तेव्हाच लघवीची घाई होते.

एकदा काढलेला आवाज पुन्हा लागतो, म्हणून तो साठवून ठेवायचा. ही साठवण मी माझ्या हाताने उभी केली होती. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर. दारं. त्यात लाकडी. त्यात रागाने लावलेली. त्यात, रागाने पण घरात कुणी झोपलेलं आहे म्हणून हळू लावलेली. सगळे हसायचे, पण अडलं की माझ्याकडेच यायचे. मिक्सिंग करणारा पोरगेला गृहस्थ, ज्याला त्याच्या चष्म्यामुळे आम्ही ढापण्या म्हणतो, तो दोन कप चहा घेऊन माझ्या दारात उभा राहायचा. "बाई, चोरून घरी परतलेल्या नवऱ्याची किल्ली पाहिजे." मी चहाचा घोट घेऊन, मशीनकडे न बघता सांगायची, कुठल्या फोल्डरात कितव्या आत. तो तिथेच बसून चहा संपवायचा. मग चार इकडच्या तिकडच्या गप्पा. माझा दिवस असा माणसांनी भरलेला असायचा.

मग धाकटी आली. तिची कॉम्प्युटरची कंपनी बंद पडली, ती घरात तोंड पाडून बसली, आणि माझा दीर मला म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडे काही असेल तर बघा ना." मी लगेच मालकांकडे शब्द टाकला. धोंडा उचलला मी, पाय माझाच, नेमसुद्धा माझाच.

पहिल्याच आठवड्यात ढापण्या ओल्या चपलांची पावलं शोधत आला. मी उठते आहे तोवर धाकटीने कीबोर्डवर काहीतरी टकटक केलं आणि म्हणाली, "ही घ्या. सगळी आली. कुठली हवी?"

"असं कसं काय?" ढापण्याने चष्मा वर केला.

"ही चांदणी, ताऱ्याची खूण आहे ना," ती स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "ती म्हणजे 'इथे काहीही चालेल'. नाव 'पाऊल'ने सुरू होऊ दे, शेवटी 'ओलं' असू दे, मधे काहीही. एकच अक्षर ठाऊक नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं. आणि एका फोल्डरात नको, आतल्या आतल्या सगळ्यांत शोधायचं असेल तर दोन चांदण्या."

"सगळ्यांत?"

"तळापर्यंत."

जे मी वर्षानुवर्षं डोक्यात बाळगलं होतं ते दोन चांदण्यांत निघालं. ढापण्याने तिला चहा आणून दिला. माझ्या वाटणीचा कप होता तो. निळा, कानाशी टवका गेलेला. मी ओळखते ना.

त्या दिवसापासून माझ्या दारात कुणी येईनासं झालं. वाईट कुणीच वागलं नाही, तेच तर वाईट. पॅसेजमधून पावलं यायची, माझ्या दारापाशी आली असं वाटायचं, आणि पुढे तिच्या टेबलाकडे जायची. मी आत खडीच्या ट्रेमध्ये उभी राहून ऐकत असायची. जळत होते मी. दुसरा शब्द शोधायची मला गरज वाटत नाही.

घरी तरी सुटका असावी! सासूबाईंचा चष्मा हरवला की त्या सोफ्यावरून हाक मारायच्या, "धाकटे, लाव गं तुझी चांदणी!" नवरा आपले मोजे शोधताना तोच विनोद करायचा आणि स्वतःच हसायचा. मी सासूबाईंना चष्मा शोधून द्यायची, दर वेळी मीच द्यायची, तो त्यांच्या डोक्यावरच असायचा. तरी कौतुक चांदणीचं. "हुशार आहे हो पोरगी," त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या. माझ्याकडेच बघून का म्हणायच्या, ते तेव्हा कळलं नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मग ते नभोनाट्य आलं.

त्यात एक म्हातारी रिकाम्या घरात शेवटची फेरी मारते. तिच्यासाठी लागणारी पावलं मी कधीकाळी केली होती, आणि ती करताना मला स्वतःलाच रडू आलं होतं. धाकटीने चांदणी फिरवून ती बाहेर काढली. ऐकताना नाटकवाल्यांनी हातातले कागद खाली ठेवले. मग मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "वा! काय आवाज शोधून काढलास!" शोधून काढलास. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. धाकटी म्हणाली, "ते ताईंचं आहे," म्हणाली ती, खोटं कशाला बोलू. पण तोवर टाळ्या वाजून गेल्या होत्या.

त्यानंतर मी ठरवलं, आता आपलं काही हिच्या चांदणीच्या तोंडी द्यायचं नाही. मी तिच्याच टेबलाशी गेले आणि साळसूदपणे विचारलं, "अगं, घरचे काही फोटो आहेत माझ्या मशीनवर. कुणाच्या नजरेला पडू नयेत असं काही करता येतं का?"

"सोपं आहे, ताई. फोल्डरच्या नावाआधी टिंब द्या. म्हणजे यादीत ते दिसतच नाही. फक्त एक लक्षात ठेवा, टिंबवाल्या नावांना ही—"

"कळलं गं. टिंब द्यायचं. शाळेत गेलेय मी."

तिच्या खुर्चीची चाकं जरा मागे सरकली आणि थांबली.

मी त्या साठवणीच्या तळाशीच एक फोल्डर केलं. त्याचं नाव ठेवलं 'माझे', आणि नावाआधी टिंब. आणि मग जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेले की, मी माझ्या खोलीचं दार लावून घेऊ लागले.

आता तिथे मी काय करत होते ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. मी तिला करत होते. आधी गंमत म्हणून, राग काढायला म्हणून, तिची ती घासणारी चप्पल. तळ सैल झालेली एक जोडी भिंतीवरून काढली, डावा पाय ढिला सोडला, आणि चालले. झालं नाही. पुन्हा चालले. मग मला चैनच पडेना. ती कप ठेवते तेव्हा आधी कडा टेकवते आणि मग बूड. दार लावताना शेवटी हात मागे घेते, म्हणून खिट्टी दोनदा बोलते. चांगली बातमी आणताना कशी येते, सासूबाईंच्या खोलीत जाताना कशी येते, मी आत आहे हे ठाऊक असताना माझ्या दारावरून कशी जाते. तिकडे उघड्या फोल्डरांत मी रोजचं काम टाकत होते, कसंतरी, नेमून दिलेलं तेवढं. जीव सगळा टिंबामागे होता. माणूस ज्याच्यावर जळतो त्याच्याकडे जितकं लक्ष देतो तितकं सख्ख्या लेकराकडेही देत नसेल. आणि मला कळत होतं की आयुष्यात याहून चांगलं मी काही केलेलं नाही. ते तिने ऐकण्यापेक्षा मी ती खोली पेटवून दिली असती.

तिनेही दरम्यान आवाज काढायला सुरुवात केली. माझ्या खोलीत, माझ्या जोड्यांनी. वाईट काढत नव्हती.

अशात त्या मॅडम आल्या. सिनेमा दिग्दर्शित करणाऱ्या, पांढरे आखूड केस, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कान पुढे करणाऱ्या. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईची गोष्ट त्यांना करायची होती. ती बाई दिसते, तिची खोली दिसते. बाकीचं घर फक्त ऐकू येतं. त्या घरात आता दुसरी बाई वावरते, हिचं स्वयंपाकघर वापरते, हिच्या माणसांशी हसते. ती दुसरी बाई सिनेमाभर एकदाही दिसणार नाही.

"म्हणजे ती तुमच्यापैकी कुणीतरी असणार," मॅडम म्हणाल्या. "अख्खा सिनेमा एकाच हाताचा हवा. त्या व्यक्तीचं नाव मी सुरुवातीला देणार. नटांच्या बरोबरीने."

मी मनातल्या मनात माझं नाव पडद्यावर लिहून पाहिलं. शेजारी धाकटीची चप्पल फरशीवर एकदा घासली.

"पण मला नावं सांगू नका," मॅडम मालकांना म्हणाल्या. "तुमच्याकडचं सगळं मला एकत्र द्या. साल लावून द्या, बस्स. मी ऐकते आणि हात निवडते."

मालकांनी ते काम धाकटीला दिलं. आणखी कुणाला देणार! मी मुद्दाम तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने एक ओळ लिहिली. दोन चांदण्या, तिरकी रेघ, पुन्हा एक चांदणी, आणि शेवटी आवाजाच्या फाइलींना असते ती शेपटी.

"सगळे फोल्डर?" मी विचारलं.

"सगळे."

"तळापर्यंत?"

"ह्या ओळीला दिसेल तेवढं सगळं," ती म्हणाली. मग बोट तसंच कीबोर्डवर ठेवून तिने मान वळवली. "ताई, तुमचं अजून कुठे काही ठेवलेलं असेल तर आत्ता सांगा. वेगळं काही."

तिच्या डोळ्यांत बघायला मला नको वाटलं. हो म्हणायचं, तर कुठे ठेवलंय ते सांगायला हवं. का ठेवलंय ते सांगायला हवं. आणि ती ते उघडणार. शिवाय तळापर्यंत जाणाऱ्या दोन चांदण्या होत्याच की! टिंब दिलं ते माणसांच्या नजरेसाठी. मशीनला काय टिंब नि काय रेघ. एवढ्या ढिगात मॅडमना माझी पावलं सापडतील, आणि धाकटीला कळणारही नाही ती कुठून आली. असा माझा हिशेब.

"माझं काय वेगळं असणार?" मी म्हणाले. "सगळं तुझ्यासमोरच तर आहे."

तिने बटण दाबलं.

मॅडम मिक्सिंगच्या खोलीत सकाळपासून बसल्या होत्या, डोळे मिटून, एकेक साल ऐकत. मी बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले. दुपारी त्यांनी आम्हाला आत बोलावलं. मालक, ढापण्या, धाकटी आणि मी. मी बसले नाही. आता त्या विचारतील, ही घासत्या चपलेची बाई कुणी केली, आणि मी काय म्हणायचं ते मी घोकून ठेवलं होतं. म्हणणार होते, अशीच, कुणीतरी बाई. मनात होती.

"तुमच्याकडे एक जुना हात आहे," मॅडम म्हणाल्या. "फार मोठा हात. म्हातारीची ती शेवटची फेरी ऐकली मी. ती दारं ऐकली." मला हसू आवरेना. "पण गेल्या दीड वर्षात त्या हाताला काय झालं? काम आहे, पण आत कुणी नाही. नुसतं उरकलेलं. त्या बाई थकल्या का? की सोडून गेल्या?"

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी इतक्या ठरवून बघितलं नाही की मॅडमना कळायचं ते कळलं असावं, कारण त्या पुढे जरा हळू बोलल्या. "नवीन हात आहे तो मला हवा. अजून कच्चा आहे, पण जिवंत आहे. जुन्या हाताकडून शिकलाय, हेही ऐकू येतं."

मालकांनी धाकटीकडे बोट दाखवलं. ढापण्याने तिच्या पाठीवर थाप मारली. मग मालक मॅडमना चहाला आपल्या केबिनमध्ये घेऊन गेले, ढापण्या मागोमाग गेला, आणि खोलीत आम्ही दोघी जावा उरलो.

थकल्या का? सोडून गेल्या का? माझ्या कानांत तेच वाजत होतं. मी मशीनपाशी गेले आणि त्या गोळा केलेल्या ढिगात माझी पावलं शोधू लागले.

"नाहीत ती त्यात," धाकटी मागून म्हणाली.

"का नाहीत? तू म्हणालीस सगळे! दोन चांदण्या, तळापर्यंत!"

"टिंबाने सुरू होणाऱ्या नावाला चांदणी हात लावत नाही, ताई. एक असो की दोन. तेच सांगत होते मी तुम्हाला त्या दिवशी. तुम्ही म्हणालात, शाळेत गेलेय."

मी खुर्चीत बसले. मग एक गोष्ट डोक्यात शिरली. "तुला माहीत होतं? तिथे फोल्डर आहे ते?"

"तुम्ही केलंत त्याच आठवड्यात दिसलं. मला लपवलेलंही दिसतं, ते माझं कामच आहे. उघडलं नाही मी. नावच तसं होतं."

"आणि तरी ती ओळ लिहिलीस?"

"विचारलं ना तुम्हाला. तोंडावर विचारलं." ती दाराला पाठ टेकून उभी होती. "आणि तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं. सांगूनच टाकते. इतकं बरं वाटलं की बटण दाबताना मी पुन्हा विचारलं नाही."

"काय वाकडं केलंय मी तुझं?"

"काही नाही. तुम्ही नुसतं दार लावता आणि लोकांच्या अंगावर काटा येतो. मी एकेक आवाज घासूनपुसून काढते आणि मग कुणीतरी म्हणतं, छान, अगदी ताईंसारखा. काही शोधून दिलं तर म्हणतात, ताईंनी काय करून ठेवलंय! चांदणीला कोण विचारतं? घरी तेच. आई माझं कौतुक करतात ते तुमच्या कानावर जावं म्हणून. तुम्ही घरात नसलात की दिवसभर तुमचंच पुराण. थोरलीचा चहा, थोरलीचं नीटनेटकं, थोरली असती तर चष्मा केव्हाच सापडला असता."

म्हातारी दोन्हीकडे चूल पेटवत होती तर. मला एरवी हसू आलं असतं.

"मॅडम अजून केबिनमध्येच आहेत," ती म्हणाली. "टिंब काढलं की झालं. काढू का?"

माझ्याजवळ दोनच वाटा होत्या. गप्प बसले तर ती पावलं कुणी ऐकणार नव्हतं, तिने तर नाहीच. माझी अब्रू झाकलेली राहिली असती, आणि मी मेल्यावर कुणी विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, थकल्या त्या. बोलले तर सगळ्यांसमोर नागडं व्हायचं. पण मला ते नाव हवं होतं. शरमेपेक्षा जास्त हवं होतं.

"तू नको," मी म्हणाले. "मी काढते."

मी टिंब खोडलं. मग केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मॅडम, थोडं ऐकायचं राहिलंय. तो जुना हात माझा आहे. ह्या दीड वर्षातलं मी लपवून ठेवलं होतं."

"लपवून?" मालकांचा कप तोंडाशी थांबला. "कुणापासून?"

"हिच्यापासून."

सगळे पुन्हा मिक्सिंगच्या खोलीत आले. मॅडमनी डोळे मिटले. मी पहिली फाइल लावली.

एक बाई पॅसेजमधून येते. डावी चप्पल घासते, उजवी टेकते. एका दारापाशी तिचा वेग जरासा कमी होतो, आत कुणी आहे हे तिला माहीत असतं, आणि ती पुढे निघून जाते. मग कप, आधी कडा, मग बूड. मग लांबच्या खोलीत कुणीतरी हसतं, ते नव्हतंच त्यात, पण प्रत्येकाला ऐकू आलं. खिट्टी दोनदा बोलते. मग ती परत येते, शेवटची पावलं घाईची.

ढापण्याने आधी स्पीकरकडे बघितलं आणि मग धाकटीच्या पायांकडे. धाकटी स्वतःच्या पायांकडेच बघत होती. तिने डावा पाय हळूच मागे घेतला, आणि तो घासला, आणि त्या शांततेत सगळ्यांनी तो घासलेला ऐकला. तिचं तोंड लाल झालं.

मॅडमनी मला थांबवू दिलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "ह्या चालणाऱ्या बाईवर कुणाचातरी फार जीव आहे."

"जीवबीव काही नाही," मी म्हणाले. "जळफळाट आहे."

मालक खोकले. मॅडमनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा कान पुढे न करता सरळ माझ्याकडे बघितलं. "माझ्या अंथरुणातल्या बाईला हेच ऐकू येत असणार," त्या म्हणाल्या. "हा जळफळाट अख्खा सिनेमाभर पुरेल?"

"उरेल," मी म्हणाले.

मॅडमनी हात पुढे केला. मग धाकटीकडे वळून काहीतरी चांगलं बोलल्या, की तिचं वय आहे, की तिला पुढच्या वेळी नक्की. मालकांनी माझं पूर्ण नाव एका कागदावर लिहून घेतलं, पडद्यावर कसं हवं ते विचारून. नवऱ्याला ह्या वेळी मी सुरुवातीलाच खुर्चीला बांधून ठेवणार होते.

"अभिनंदन, ताई," धाकटी म्हणाली. हसली सुद्धा. मग ती दार उघडून बाहेर गेली, आणि सवयीने माझे कान तिच्यामागे गेले.

डावी चप्पल घासली नाही. दोन्ही टाचा नेमक्या, जड, जमिनीत खिळे ठोकावेत तशा पडत गेल्या. पॅसेजच्या टोकाला त्या थांबल्या, जिथून आतलं बोलणं ऐकू येतं तिथे, आणि तिथेच उभ्या राहिल्या. ही चाल माझ्या त्या फोल्डरात कुठेच नव्हती. पण मला ती ओळखायला क्षणही लागला नाही. दीड वर्ष त्या पॅसेजमधून मीच तशी चालत होते.